अडथळा, दीड मीटर

मनीषनगर, नागपूर
८ जानेवारी २०२५

चि. नंदिनीस,
सप्रेम जयभीम.

अत्यंत जड अंतःकरणाने तक्रार नोंदवतो, की तुझ्या कंपनीने पाठवलेल्या, पोटावर बांधायच्या बोलक्या पट्ट्याने काल सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तुझ्या मामीला अडथळा म्हटले. एकदा नव्हे, तीनदा. ती चहा घेऊन आली तेव्हा "अडथळा, दीड मीटर". तिने कप ठेवला तेव्हा "अडथळा, अर्धा मीटर". गेली, आणि बशी विसरली म्हणून परत आली, की पुन्हा तेच. सत्तावीस वर्षांच्या संसारात जे बोलायचे मला धाडस झाले नाही, ते तुझ्या यंत्राने पहिल्याच दिवशी, आणि तेही अंतर मोजून, बोलून दाखवले.

मामी म्हणाली, "सांगून द्या त्या पट्ट्याले, अडथळ्यानं चहा नाही केला तं या घरात सकाळ होत नाही."

मी सांगितले. पट्टा म्हणाला, "अडथळा, दीड मीटर."

तुझ्या कंपनीने सोबत एक फॉर्मही पाठवला आहे. त्यात पाच चेहरे आहेत, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि त्यांतल्या एकावर खूण करायची आहे. तीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या माणसाचा अभिप्राय एका वर्तुळात मावत नाही. तेव्हा मी पत्रच लिहिणार. जाड काळ्या पेनाने पानावर आठ ओळी बसतात, म्हणून पाकीट फुगलेले दिसेल. मामी पोस्टात नोकरीला असल्यामुळे ते पोहोचेल याची खात्री आहे. तुझी उत्तरेही तीच मला वाचून दाखवील, म्हणून तिच्याबद्दल जपून लिही.

आता मूळ आक्षेप. संस्कृतात हाक मारण्यासाठी वेगळी व्यवस्था आहे, संबोधन म्हणतात तिला. तुझ्या पट्ट्याला फक्त प्रथमा विभक्ती येते. जे समोर येईल ते अडथळा. काल फाटकापाशी आपले शेजारी बापूजी आले, तर त्यांनाही तेच. बापूजी माझ्या पोटाकडे वाकून म्हणाले, "काहून वं बाई, अडथळा कोनाले म्हनून राहिली? मी बापूजी आहो." मग माझ्याकडे तोंड करून, "सर, तुमच्या पोटातून बाई बोलून राहिली, डॉक्टरले दाखवा."

गल्लीत ही बातमी आता मोठ्या पोरांपासून लहानांपर्यंत पोहोचली आहे.

पट्टा करायला तू का घेतलास ते मला ठाऊक आहे, म्हणून जास्त बोलत नाही. आजीला दिवेलागणीनंतर दिसायचे नाही. मग पाळी माझी. आता पुंगळीतून पाहावे तेवढे समोरचे दिसते, बाजूचे सगळे गेले. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, या आजाराने सोडले. तो घरात एखाद्याला सोडून पुढच्याला धरतो असे डॉक्टर म्हणाले होते. आपल्या घरात त्याला मीच आवडलो, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार फक्त प्रथमेबद्दल आहे.

तुझा मामा,
संघपाल

*

पुणे
१६ जानेवारी

आदरणीय मामाजी,
जयभीम.

मामीची पाय धरून माफी मागते. पट्ट्यातला आवाज माझ्यासोबत काम करणाऱ्या मुग्धाचा आहे. तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं तर ती इतकी हसली की टेबलावरचा कॉफीचा कप माझ्या मांडीवर आला. बापूजींसाठी ती वेगळा आवाज द्यायला तयार आहे.

पट्ट्यात दोन गोष्टी आहेत. पुढच्या बाजूला आवाजाच्या लहरी सोडून समोर काय आहे ते शोधणारा सेन्सर. आणि आतल्या बाजूला, तुमच्या पोटाला चिकटलेला, हालचाल टिपणारा. पाऊल पडलं, शरीर झुकलं, कुठे आपटलात, ते सगळं तो लिहून ठेवतो. पहिला मामीला आणि भिंतीला सारखंच समजतो, हे खरं. पण समोरचं स्वतः हलतं आहे की तुम्ही त्याच्याकडे चालत आहात, हे दोघांनी मिळून ओळखता येतं. म्हणून आजपासून नवीन व्यवस्था: न हलणारं ते अडथळा, हलणारं असेल तर "कोणी येत आहे". मोबाईलवरून आपोआप बदल होईल.

तुमच्याकडून एवढंच हवं आहे. रोज अर्धा तास घराबाहेर एकट्यानं चाला, आणि त्यानंतर मोबाईलमध्ये एक वाक्य बोला, कसं झालं ते. ते आपोआप लिहिलं जाऊन आमच्याकडे येतं. अंगणात नाही, मामाजी. रस्त्यावर. गाय, नाली, पाणीपुरीवाला, सगळं आलं पाहिजे. मार्च संपेपर्यंत.

मीसुद्धा तसाच पट्टा बांधून फिरते आहे. दिसणाऱ्या माणसाची चाल तुलनेला हवी ना. माझा धडकांचा रकाना कोराच राहणार, त्यामुळे माझं काम सोपं.

तुमची,
नंदिनी

*

नागपूर
२४ जानेवारी

चि. नंदिनी,
सप्रेम जयभीम.

सुधारणा पावली. आता चहा "कोणी येत आहे" अशी घोषणा होऊन येतो. मामीचे म्हणणे, "कोनी म्हंजे काय? बायको म्हन." स्त्रीजातीच्या अपेक्षांना अंत नाही हे मी तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हटले, पण हे पत्र तीच पाकिटात घालणार आहे, तेव्हा ते खोडले असे समज.

फिरण्याचे विचारशील तर थक्क होशील. काल नऊशे सत्तर पावले. परवा नऊशे पन्नास. धडक शून्य. बापूजी विचारतात, या वयात हे तेज कोठून? मी म्हणतो, भाचीच्या यंत्रातून. सकाळचे ऊन अंगावर येते, वारा एकदा पुढून लागतो, एकदा मागून लागतो, पावलांना एक लय सापडते. श्लोक म्हणावासा वाटतो. परवा म्हटलाही.

रस्ता उत्तम आहे. खड्डा एकही लागला नाही. मनीषनगरबद्दल असे विधान करणारा मी पहिलाच इसम असेन, पण यंत्राची साक्ष आहे.

तुझ्या मांडीवर कॉफी सांडली ती मुग्धाच्या हसण्याने, की तुझ्या कोपराने? सहज विचारले. तू लहानपणीही ताट उचलताना शेजारचा पेला पाडायचीस.

तुझा मामा,
संघपाल

*

पुणे
४ फेब्रुवारी

आदरणीय मामाजी,

जयभीम. बसून वाचा. बसलेलेच असाल म्हणा.

परवा मुग्धा माझ्या टेबलापाशी आली. तुम्ही मोबाईलमध्ये बोललेली वाक्यं तिच्याकडे येतात. म्हणाली, "नंदिनी, तुझ्या मामांचं काय करायचं? रोज लिहितात, 'आज फिरून राहिलो, मस्त फिरून राहिलो.' अगं, फिरायचं राहिलं तर राहिलं, पण मग रोज हजार पावलं कुठून येतात?"

मी पोट धरून हसले. तिला समजावलं की बाई, आमच्याकडे जेवून राहिलो म्हणजे जेवतो आहे, झोपून राहिलो म्हणजे झोपतो आहे. फिरून राहिलो म्हणजे फिरायचं राहिलं नाही, फिरणं चालू आहे. ती म्हणाली, "बरं. पण तू एकदा आलेख बघ."

बघितला.

मामाजी, माणसाचं पाऊल साधारण अर्ध्या सेकंदाला पडतं. तुमचं अडीच सेकंदाला पडतं. एकही लवकर नाही, एकही उशिरा नाही. आणि पुढचा सेन्सर सांगतो की समोर एक भिंत आहे, ती साठ सेंटिमीटर जवळ येते, साठ सेंटिमीटर लांब जाते. चाळीस मिनिटं. रोज. असा रस्ता नागपुरात मला एकच माहीत आहे. तो तुमच्या ओसरीत चार साखळ्यांना टांगलेला आहे आणि त्याला बंगई म्हणतात.

वारा एकदा पुढून, एकदा मागून! श्लोकही म्हटला!

मुग्धा काही न कळता बरोबर बोलली. फिरायचं राहिलंच होतं. यंत्र खोटं बोलत नाही, मामाजी. आता खरं सांगा, काहून नाही जात तुम्ही बाहेर?

माझंही ऐका, तुम्हाला आनंद होईल. कोरा राहणारा माझा रकाना भरून गेला आहे. एका आठवड्यात नऊ धडका! तुमच्या बंगईच्या शून्य. ऑफिसच्या पार्किंगमधलं एका गाडीचं हँडल, जिन्याचा कठडा, दुकानाबाहेर ठेवलेला फलक, एक लहान मुलगी (तिला काही झालं नाही). सगळ्या संध्याकाळी पावणेसातनंतरच्या. सेन्सर थंडीत बिघडत असणार, जरासं घासून गेलं तरी धडक लिहितो. मुग्धा म्हणते, हा पट्टा मामांकडून काढून तुलाच देऊ. आजच दुसरा सेन्सर बसवून घेतला.

तुमची,
नंदिनी

*

नागपूर
९ फेब्रुवारी

चि. नंदिनी,
सप्रेम जयभीम.

आरोपी गुन्हा कबूल करतो. साक्षीदार म्हणून बंगईला बोलावू नये, तिची कडी आधीच फार कुरकुरते.

तुझे पत्र मामीने मोठ्याने वाचले. 'चार साखळ्या' येईपर्यंत ती आवाज स्थिर ठेवू शकली, पुढे नाही. मग म्हणाली, "म्हनून रोज सकाळी मले भाजी आनाले पाठवत होते काय हो तुम्ही?" त्या दिवशी भाजी झाली नाही. वरणावर भागवले.

कारण विचारतेस. डिसेंबरात, पट्टा यायच्या आधी, कोपऱ्यावरच्या नालीत पडलो. घोट्यापर्यंत नव्हे, कमरेपर्यंत. बाहेर काढले ते माझ्याच वर्गातल्या दोन मुलांनी. वर्गात मी त्यांना पंचमी विभक्ती शिकवत होतो, झाडावरून पान पडते, घोड्यावरून स्वार पडतो. त्यांनी बिचाऱ्यांनी एक अक्षर काढले नाही, हेच फार लागले. तेव्हापासून कॉलेजला मामी स्कूटरवर सोडते, आणतेही तीच. एकटा फाटकाबाहेर गेलो नाही. झाले? आता हा विषय पुरे.

तुझ्या विषयाकडे वळतो. तू लिहितेस, यंत्र खोटे बोलत नाही. मान्य. न्यायशास्त्रात याला प्रमाण म्हणतात. पण तोच पट्टा, तोच सेन्सर, माझ्या पोटावर असला की प्रमाण, आणि तुझ्या पोटावर असला की बिघाड? असा न्याय मी कुठल्या शास्त्रात वाचलेला नाही. नागपुरातही थंडी आहे. माझा सेन्सर बिघडला नाही.

म्हणून विद्यार्थ्याच्या जिज्ञासेने काही प्रश्न विचारतो. धडका समोरून बसतात की बाजूने? सिनेमाला अंधारात आत जाताना तू कोणाच्या खांद्यावर हात ठेवतेस काय? जमिनीवर किल्ली पडली तर लगेच दिसते, की मान फिरवून फिरवून शोधावी लागते? आणि स्कूटी तू संध्याकाळी चालवतेस काय?

मला वेळ भरपूर आहे. प्रश्न उगाच सुचले. उत्तर मात्र लवकर पाठव.

तुझा मामा,
संघपाल

*

पुणे
२० फेब्रुवारी

आदरणीय मामाजी,
जयभीम.

उशीर झाला, रागावू नका. काम होतं.

नालीचं मला कोणी सांगितलं नव्हतं. मामीनंही नाही. वाईट वाटलं.

तुमची प्रश्नपत्रिका सोडवते. धडका बाजूने बसतात, कारण समोरचं तर दिसतंच ना! सिनेमात सगळेच चाचपडतात. किल्ली माझी नेहमीच हरवते, मी वेंधळी आहे हे तुम्हीच सगळ्यांना सांगत आलात. स्कूटी चालवते, नाहीतर ऑफिसमधून घरी कशी येणार? आमच्या रस्त्यावर दिवे फार कमी आहेत. मागच्या सोमवारी एक माणूस बाजूच्या गल्लीतून एकदम पुढ्यात आला. हॉर्नसुद्धा दिला नाही त्यानं. मी पडले. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. आईला सांगू नका, ती उगाच गाडी धरून पुण्याला येईल.

नव्या सेन्सरनंही या आठवड्यात अकरा दाखवल्या. तिसरा पट्टा मागवला आहे. या बनावटीतच काहीतरी दोष असावा, मुग्धाला कळवलं आहे.

तुम्ही मात्र फिरायला जा. खरंखुरं.

तुमची,
नंदिनी

*

नागपूर
२४ फेब्रुवारी

नंदिनी,

तुझं पत्र मामीनं नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं. 'मी वेंधळी आहे' इथं ती हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काहून हसून नाही राहिले तुम्ही?" मी म्हटलं, दात दुखतो. म्हणून हे पत्र तिच्या हाती देणार नाही. ती ऑफिसात गेली आहे. मी पट्टा बांधून चौकातल्या पेटीपर्यंत जाणार आणि स्वतः टाकणार. तुझ्या आलेखात आजची पावलं वेडीवाकडी दिसतील, मध्ये बराच वेळ थांबलेलीही दिसतील. तो मीच आहे.

व्याकरण आज नाही. सरळ लिहितो.

मी एकोणतीस वर्षांचा होतो तेव्हा म्हणायचो, आमच्या रस्त्यावर दिवे कमी आहेत. नंतर म्हणायचो, लोक बाजूनं एकदम पुढ्यात येतात. मग म्हणायचो, हॉर्न देत नाहीत. तुझ्या पत्रात ही तिन्ही वाक्यं एकाखाली एक आली, माझ्याच क्रमानं. मामी वाचत होती आणि मला माझा आवाज ऐकू येत होता.

माझ्या आईला, म्हणजे तुझ्या आजीला, कसं झालं होतं ते मला माहीत होतं. तरी सहा वर्षं मी कोणाला कळू दिलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो ते चष्म्याचा नंबर काढायला, आणि नंबर काढून आलो. त्याला अंधाराबद्दल सांगितलंच नाही. मी हुशार होतो. अंदाजानं सगळं जमवायचो. जिन्याच्या पायऱ्या मोजून ठेवायचो, संध्याकाळचं जेवणाचं आमंत्रण आलं की पोट बिघडायचं. एकदा सक्करदऱ्याहून येताना अंधार पडला. स्कूटर मी चालवत होतो, मामी मागे बसली होती. उजवीकडून बैलगाडी आली, ती मला दिसली नाही. मामीचं डावं मनगट तेव्हा मोडलं. ते अजून पूर्ण वळत नाही, पोळी लाटताना ती हात कसा धरते ते तू पाहिलं असशील. तू विचारलं असशील तर तिनं सांगितलं असेल, बाथरूममध्ये पडले म्हणून. मीच तिला तसं सांगायला लावलं. आजवर ती तेच सांगते.

तू सेन्सर बदललास, आता पट्टा बदलते आहेस. धडका नऊच्या अकरा झाल्या. सगळ्या संध्याकाळच्या, सगळ्या बाजूच्या. तूच मला लिहिलंस की यंत्र खोटं बोलत नाही. तिसरा पट्टाही तेच सांगेल.

तुला घाबरवायला लिहीत नाही. कदाचित काही नसेलही. आजार तुझ्या आईला सोडून गेला तसा तुलाही सोडून गेला असेल. पण नंबर काढणाऱ्याकडे जाऊ नकोस. मोठ्या डॉक्टरकडे जा आणि त्याला सांग, आजीला होतं, मामाला आहे, आणि मला संध्याकाळी असं होतं. ते बाजूचं किती दिसतं त्याची तपासणी करतील. सांगताना काही गाळू नकोस. याला औषध नाही हे मी तुझ्यापासून लपवत नाही. पण कळलं तर तू आजपासून अंधारात गाडी चालवणार नाहीस. मी चालवली.

एकटी जाऊ नकोस. गुरुवारच्या गाडीनं मी पुण्याला येतो. मामी रजा घेईल, तिला आज संध्याकाळी सगळं सांगणार आहे. ताईला अजून काही बोललो नाही. ते तू सांगायचं की मी, ते आपण पुण्यात ठरवू. तोवर रिक्षानं ये-जा कर. किल्ली मुग्धाजवळ देऊन ठेव.

माझ्या डोळ्यांवर मी वीस वर्षं विनोद केले. तुझ्याही नऊ धडकांवर एक चांगला सुचला होता, तो लिहायला बसलो आणि पेन पुढे गेलं नाही. त्या दिवसापासून झोप नाही. काही निघालं नाही तर मला आयुष्यभर हस, मी काही म्हणणार नाही. पण आत्ता मला भीती वाटते, नंदिनी. आईचं मला झालं तेव्हासुद्धा एवढी वाटली नव्हती.

मामा